अब्ला इन्शिराहचे सोळा

इजिप्तमधल्या दमनहूरच्या आमच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत अब्ला, म्हणजे ताई, इन्शिराहचा शब्द शेवटचा. कावीळ झालेल्या बाळाचं रक्त आलं की ती त्यात रसायन घालायची, उमटलेला जांभळट रंग जुन्या यंत्रावर मोजायची आणि काविळीचा आकडा असा सांगायची की डॉक्टर पुन्हा विचारत नसत. गर्व होता तिला, आणि तो तिला शोभायचा.

मग नवं स्वयंचलित यंत्र आलं, ते माझ्या ताब्यात. महिनाभर प्रत्येक नमुना आधी यंत्राने, मग अब्लाच्या हाताने मोजून ताडून बघायचं ठरलं.

"नबीला, तुझा फ्रीज आज काय म्हणतोय?" ती रोज टोमणा मारायची.

त्या दिवशी हग्गा बहिय्याच्या, म्हणजे हज करून आलेल्या बहिय्या आजीच्या, नातवाचं रक्त आलं. यंत्र म्हणालं बावीस, अब्ला म्हणाली सोळा. सोळा असतील तर निळा दिवा पुरे. बावीस असतील तर अंगातलं रक्तच बदलायचं, नाहीतर मेंदू, कान, सगळंच धोक्यात.

हग्गाने सोळाच धरून ठेवले. "उद्या सातवा दिवस, बाळाचं बारसं, सुबू करायचाय. घरी पाळण्यावर ट्यूबलाइट लावू. यंत्राला काय कळतं?"

डॉक्टर नाजींनी अब्लाकडे पाहिलं.

"माझा हात चुकत नाही," ती म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे वळली. रंग नीट दिसावा म्हणून ते कायम खिडकीशी असायचं. पूर्वी ती नमुना आल्याबरोबर मोजायची. आता यंत्रातून निघालेल्या नळ्या तिची पाळी येईपर्यंत तिथेच उन्हात उभ्या राहायच्या.

"ही नळी इथे कधीपासून आहे गं?" तिने मला विचारलं.

"दुपारच्या अजानच्या आधीपासून."

"म्हणजे बाळाच्या आधी आपण त्याच्या रक्तालाच ऊन दाखवलं. पिवळेपणा उन्हाने खाल्ला."

ताजं रक्त मागवलं. स्वतःच्या सँडविचचा चंदेरी कागद सोडून तिने नळीला गुंडाळला आणि लगेच मोजलं. बावीस.

ती तडक हग्गाकडे गेली. "सोळा माझे होते, आणि चुकीचे होते. रक्त उन्हात मीच ठेवलं."

"मघापासून तुझ्या सोळाच्या जिवावर भांडतेय मी, बये."

"मग आता माझ्या बावीसच्या जिवावर तुझ्या मुलाला रक्त बदलायच्या कागदावर सही करायला सांग."

हग्गाने मुलाला पुढे ढकललं.

रक्त बदलून बाळ घरी गेलं आणि सुबू पुढच्या आठवड्यात झाला. रिवाजाप्रमाणे बाळाच्या उशाशी पितळी खल बडवायचा मान हग्गाने अब्लाला दिला. तिने तो असा बडवला की बाळ दचकून रडायला लागलं.

"ऐकू येतंय त्याला," अब्ला म्हणाली आणि तिथेच खाली बसून रडली.