चुन्याखालचं नाव

निमोण्याजवळच्या ओस पडलेल्या चर्चमध्ये तो म्हातारा मला एकदाच भेटला. तिथली माणसं पोटापाण्यासाठी शहरात गेली, तेव्हा शेवटच्या पाळकांनी चावी शेजारच्या या धनगराकडे दिली होती. आत त्याचा कडबा रचलेला होता. पण आत शिरताना त्यानं पायताण उंबऱ्याबाहेर काढलं.

हे चर्च बांधणाऱ्या गवंड्यांत माझे आजोबा होते. दाराशेजारच्या दगडावर त्यांनी स्वतःचं नाव कोरलं होतं. दौंडला अंथरुणाला खिळलेल्या आईचा एकच धोशा होता, नाव आहे का बघून ये. मला तिथं नुसता पांढराशुभ्र चुना दिसला आणि मी भडकलोच.

"आबा, नाव बुजवलंत तुम्ही!"

"बुजवतोय कशाला? दिवाळीला घराला चुना देतो, तवा हितं बी देतो. देवाचं घर काळं ठिवायचं व्हय?"

त्यानं पटक्याच्या भिजवलेल्या शेवानं दगड ओला केला आणि विळ्याच्या पाठीनं हलकेच खरवडला. पापुद्रे गळाले. चुन्याखाली जपलेलं आजोबांचं नाव परवा कोरल्यासारखं स्वच्छ निघालं. माझा जीव भांड्यात पडला. आईला कळवायला मी एसटीडी बूथकडे निघालो.

"बगून झालं न्हवं?" म्हाताऱ्यानं मागून विचारलं. "मग दिवाळीला चुना देऊ का न्हाई?"

"द्या आबा," मी म्हणालो. "दरसाल द्या."