ग्राउंडची बांधी झाली, त्याची गोष्ट

"पाहा सर, एक थेंब बाहेर नाही गेला."

रामकृष्णभाऊ कमरेवर हात ठेवून धुऱ्यावर उभे होते. धुरा म्हणजे धानाच्या शेताचा मातीचा बांध. पण समोर होतं ते शेत नव्हतं. ते आमच्या कॉलेजचं फुटबॉल ग्राउंड होतं आणि त्यात घोटाभर पाणी साचलं होतं. पेनल्टी स्पॉट जिथं असायला हवा तिथं एक बगळा उभा होता.

मी त्याच सकाळी नागपूरचा रिफ्रेशर कोर्स संपवून परतलो होतो. बॅग अजून खांद्यावरच होती. मी नुसतंच "वा" म्हणालो. रामकृष्णभाऊंना तेवढं पुरलं. ते मला धुऱ्याधुऱ्यानं सगळं ग्राउंड फिरवून दाखवायला निघाले.

साकोली तालुक्यातल्या एका लहानशा कॉलेजात मी शारीरिक शिक्षण संचालक आहे. पद ऐकायला भारदस्त आहे, पण प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे मला पीटी सरच म्हणतात. खो-खोपासून बुद्धिबळापर्यंत सगळे खेळ माझ्याच गळ्यात. जीव मात्र फुटबॉलमध्ये. आमची टीम म्हणजे एकोडी, सानगडी आणि आसपासच्या गावांतली धान पिकवणाऱ्यांची पोरं. जुलैत रोवणी असते. नर्सरीतली रोपं उपटून चिखलात लावायची, घरातलं प्रत्येक माणूस बांधीत, म्हणजे धुरा घालून पाणी अडवलेल्या धानाच्या शेतात. त्या दिवसांत प्रॅक्टिसला दोघंच हजर असतात, मी आणि बॉल. पोरं परततात ती ऑगस्टमध्ये, कंबर धरून. आमचा सीझन तिथून सुरू होतो.

आदल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामने लांबच्या गावी होते. आमची अर्धी टीम स्टँडवर आलीच नाही, कारण घरून सोडलंच नाही. अकरा जण जमेनात. मॅच न खेळता हरलो. प्राचार्या मॅडमनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की पुन्हा असं झालं तर फुटबॉलच्या एंट्रीवर सही मागायला येऊ नका. म्हणून यंदा मी झोनचे सामने आमच्याच ग्राउंडवर मागून घेतले. झोन म्हणजे आजूबाजूच्या कॉलेजांचा एक गट. आधी कमिटी येऊन ग्राउंड पाहणार, ते पास झालं तर सामने आमच्याकडे, नाही तर पुन्हा लांब.

यात सगळ्यात जास्त अडकला होता प्रफुल. आमचा गोलकीपर, रामकृष्णभाऊंचा थोरला. इतकी वर्षं पोरं खेळवली, पण बॉल कुठं येणार हे आधीच कळणारा पोरगा एवढा एकच पाहिला. बापाला फुटबॉलचं काडीचं कौतुक नव्हतं. तुमसरला मेव्हण्याचं धानाच्या आडतीचं दुकान, तिथं पोराला बसवायचं हे त्यांचं पक्कं होतं. मी घरी जाऊन विनवण्या केल्या, तेव्हा त्यांनी एक अट घातली होती.

"गावात मॅच असल त खेळू द्या. बाहेर फिराले पाठवन नाही मी. बाहेर जाचंच असल त तुमसरले जाईन मंग तो."

नागपूरला जाताना मी पोरांना एवढंच सांगून गेलो होतो की ग्राउंडवर खड्डे फार झालेत, जमलं तर कुणाकडून सपाट करून घ्या. प्रफुलनं घरी विषय काढला. रोवणी आटपली होती, हात रिकामे होते. बापाच्या मनात काय आलं कोण जाणे, ट्रॅक्टर घेऊन स्वतः आले आणि चार-पाच पोरांच्या बापांनाही घेऊन आले. आणि या माणसांनी जमीन सपाट केली ती त्यांना येते तशी. आधी शेजारच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, मोटर लावून पाणी आत घेतलं. जिथं माती पाण्यावर दिसली तिथं फळी फिरवली. पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं तेव्हा लेव्हल झाली असं ठरवलं. मग चारी बाजूंनी धुरा घातला. त्यावर पावसानं उरलेलं काम केलं. बांधी म्हणून पाहिली तर तालुक्यात अशी दुसरी नसेल.

"आनखी एक फायदा आहे जी," रामकृष्णभाऊ म्हणाले. "बॉल बाहेर जात नाही आता. पोरायले धावा नाही लागत."

फुटबॉलच्या ग्राउंडला याच्या बरोबर उलटं हवं असतं. मधला भाग किंचित उंच आणि चारी बाजूंना न दिसणारा उतार, म्हणजे पडलेलं पाणी वाहून जातं. याला आम्ही क्राउन म्हणतो. सपाट ग्राउंड डोळ्यांना छान दिसतं आणि पावसाळ्यात दगा देतं.

मॅडम गॅलरीतून बघत होत्या. मी वर गेलो तसं त्यांनी विचारलं, "सर, आपण मत्स्यपालनाचा कोर्स सुरू केलाय का?"

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कमिटी पुढच्या आठवड्यात येतेय, आजच्या आज बांध फोडायला सांगा.

"बांध फोडला तर बाप दुखावतो आणि गोलकीपर जातो, मॅडम."

त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा. पण मला ग्राउंड पाहिजे." मॅडमचा हा एक गुण आहे, त्या अडचण ऐकून घेतात आणि सही-सलामत परत करतात.

प्रफुलला गाठलं. सायकल स्टँडमागे बसला होता. मी चिडलेलो होतो, खोटं कशाला सांगू. म्हटलं, तुला तर कळत होतं ना रे, पाणी थांबणार ते? मग बोलला काहून नाही?

"बाबा पहिल्यांदा कॉलेजात आले सर," तो म्हणाला. "मी दहावी पास झालो तेव्हाही शाळेत नव्हते आले. ते धुरा घालून राहिले होते आन मले मोठ्यानं आवाज देत होते, सगळ्यायच्या समोर. मी काय बोलू?"

माझा राग तिथंच विरला. पण त्यानं पाणी ओसरणार नव्हतं.

मला स्वतःला मातीतलं फार कळत नाही. माझं घर आंधळगावचं, मी हातमागाच्या खटखटीत वाढलो. पण विणकराच्या घरात एक गोष्ट लहानपणीच समजते. दुसऱ्याच्या मागावर जाऊन त्याचा धागा चुकला असं म्हणायचं नसतं. कापड उजेडात धरायचं आणि गप्प बसायचं. त्याला दिसतंच.

म्हणून मी रविवारी मॅच ठेवली. आपल्याच पोरांचे दोन भाग करून. ज्यांनी ज्यांनी राबून ग्राउंड केलं त्या सगळ्या बापांना पाहुणे म्हणून बोलावलं आणि धुऱ्यावर सतरंजी टाकून बसवलं. चहा सांगितला. रामकृष्णभाऊ धुतलेला शर्ट घालून आले होते.

शिटी वाजली. पहिला पास निघाला आणि वाटेत पाण्यात बसला. पोरगा धावत गेला, त्यानं लाथ मारली, पाणी उडालं, बॉल हातभर सरकला. दुसरी लाथ, पुन्हा तेच. मग प्रफुलनं गोलकिक घेतली. गोलकिक म्हणजे गोलसमोरून बॉल लांब मारणं. बॉल मस्त उंच गेला, सगळ्यांनी माना वर केल्या, आणि खाली येऊन तो जिथं पडला तिथंच राहिला. टप्पा नाही, काही नाही. बाप मंडळी आधी हसली. मग हसणं कमी झालं.

"दम नाही पोरायमंदी," रामकृष्णभाऊ म्हणाले. चप्पल काढली, पँट वर दुमडली आणि स्वतः आत उतरले. बॉल समोर घेतला आणि शेतकऱ्याच्या पायात जेवढी ताकद असते तेवढी लावून मारला. अर्धं पाणी त्यांच्याच शर्टावर आलं. बॉल थोडा गेला आणि थांबला. ते त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या बैलानं नांगर ओढायला नकार दिला असता तरी त्यांनी असं बघितलं नसतं.

"काहून थांबते हा?"

"पाण्यानं, भाऊ."

"मंग पाणी कायले ठेवता?"

प्रफुल गोलमध्ये उभा होता, त्यानं खाली मान घातली. रामकृष्णभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि मग चारी बाजूंच्या धुऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. आता हा माणूस चप्पल उचलून घरी जाणार आणि सोमवारी पोरगा तुमसरच्या गाडीत बसणार.

ते परत आले. धुऱ्यावर बसले. कपातला चहा संपवला.

"तुमाले खळं पायजे," शेवटी ते म्हणाले. "खळ्यात कसं, मधात उंच ठेवा लागते. पाणी आलं त धान भिजाले नाही पायजे, चारीकडे निघून गेलं पायजे. असं सांगा लागत होतं ना जी. बांधी कायले सांगतली?"

बांधी कोणीच सांगितली नव्हती. पण ही दुरुस्ती करायची वेळ नव्हती.

"चुकलं भाऊ, सांगणाऱ्याचंच चुकलं," मी म्हणालो.

"होते तसं," त्यांनी मोठ्या मनानं मला माफ केलं. बाकीच्या बापांनीही माना हलवल्या. मास्तर लोकांचं असंच असतं, असं त्या माना म्हणत होत्या. मला त्या दिवशी ते ऐकायला फार गोड लागलं.

त्याच दुपारी खालच्या अंगाचा धुरा फुटला. पाणी बोडीत परत गेलं, बगळाही त्याच्या मागोमाग गेला. दुसऱ्या दिवसापासून टेकडीवरचा मुरूम यायला लागला. ट्रॅक्टर मुरूम कडेला ओतायचा आणि पोरं तो घमेल्यानं मधल्या भागात नेऊन टाकायची. मी शिटी गळ्यात अडकवून मागे उभा. जाताना भरलेलं घमेलं घेऊन चालायचं, येताना रिकामं घेऊन धावायचं. सीझनच्या आधी खेळाडूंचा दम वाढवायला मोठ्या क्लबांत महागडी मशिनं असतात म्हणे. आमच्याकडे घमेली होती. रामकृष्णभाऊ मधोमध उभे राहून इकडे टाक, तिकडे टाक करत होते आणि पोरं माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकत होती. उताराचा अंदाज त्यांनी डोळ्यांनीच घेतला. एका बाजूचा धुरा मात्र त्यांनी फोडू दिला नाही. तो लाइनीपासून बराच लांब होता, म्हणून मीही आग्रह धरला नाही. लोकांना बसायला झाला.

कमिटी आली तेव्हा लख्ख ऊन होतं. साहेबांनी ग्राउंडवरून चालत मधे थांबून विचारलं, "हा उंचवटा मुद्दाम ठेवलाय?"

"हो सर, क्राउन आहे."

"बरोबर. बऱ्याच कॉलेजांत हेच विसरतात." त्यांनी चुन्याच्या लाइनी नीट मारून घ्यायला सांगितल्या आणि सामने आम्हाला दिले. रामकृष्णभाऊ जवळच उभे होते. क्राउन हा शब्द त्यांनी नंतर माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. तरी पुढं खळंच म्हणत राहिले.

सामन्याच्या दिवशी मध्यंतरापर्यंत कोरडं होतं. नंतर पाऊस आला, आमच्या झाडीपट्टीतला असतो तसा, आडवा. रेफरीनं आभाळाकडे पाहिलं, ग्राउंडकडे पाहिलं आणि खेळ चालू ठेवला. बॉल पळत होता. आमच्या एकोडीच्या पोरानं एक गोल केला आणि शेवटी शेवटी प्रफुलनं उजवीकडे झेप घेऊन असा बॉल अडवला की समोरच्या कॉलेजच्या सरांनीही टाळी वाजवली. एक-शून्यनं जिंकलो. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात सपाटून मार खाल्ला, तेही सांगून टाकतो. पण यंदा अकराच्या अकरा खेळले आणि बेंचवर बदली पोरंही होती. मॅडमनी पुढच्या वर्षीच्या एंट्रीवर सही द्यायचं न विचारताच कबूल केलं.

जिंकलेल्या सामन्यानंतर मी धुऱ्यावर गेलो. रामकृष्णभाऊ पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन भिजत बसले होते. मी विचारलं, पाहिलं का पोराला? काय बॉल अडवला त्यानं.

"नाही जी," ते म्हणाले. "मी पाणी पाहून राहिलो होतो. सगळं गेलं."

त्यांचा चेहरा इतका खूश होता की मलाच तुमसरचं विचारायला भीती वाटली. तरी विचारलं. प्रफुल मागे येऊन उभा होता, चिखलानं माखलेला.

रामकृष्णभाऊंनी ग्राउंडच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं थाळीएवढं पाणी अजून साचलं होतं. "तो कोपरा राहिलाच. पुढच्या साली भरा लागते. याले तुमसरले पाठवलं त घमेलं कोण धरते?"

प्रफुल गेला आणि त्या कोपऱ्यातलं पाणी पायानं बाहेर लोटायला लागला.

तेव्हापासून मी कुणाला ग्राउंडच्या कामाला लावलं, तर जमीन कशी हवी हे सांगत नाही. पाणी कुठं जायला हवं तेवढं सांगतो. बाकी त्यांना येतं.