भिंतीतला समुद्र

झुंबर पगारेच्या टाकीला घाम फुटत नाही, असं नाशकात म्हणायचे आणि झुंबरला ते ऐकायला आवडायचं. माणसाला कशाचा ना कशाचा गर्व लागतोच. याला काचेच्या सांध्यांचा होता. पोरवयात भद्रकालीतल्या एका फ्रेमवाल्याकडे तो काच कापायला शिकला, पुढं द्वारका चौकाजवळ स्वतःचं दुकान टाकलं आणि दातांच्या दवाखान्यांपासून हॉटेलांच्या काउंटरपर्यंत माशांच्या टाक्या बसवत सुटला. टाकी बसवली की पाणी भरायचं आणि समोर स्टूल टाकून बघत राहायचं, ही त्याची रीत. बायको छाया म्हणायची, लग्नात माझ्याकडं एवढा वेळ पाहिलं नव्हतं.

पण त्या सगळ्या गोड्या पाण्याच्या टाक्या. खारं पाणी झुंबरनं आयुष्यात एकदाच पाहिलेलं, तेही अलिबागच्या सहलीत गुडघ्यापर्यंत.

दोन हजार चारच्या सुमारास दिंडोरीच्या ललितराव जोंधळ्यांनी त्याला मळ्यात बोलावून घेतलं. परदेशात द्राक्षं पाठवणारा हा माणूस कुठल्याशा प्रदर्शनाला गेला होता आणि तिथल्या हॉटेलच्या भिंतीत त्यानं समुद्र पाहिला होता. नुसते मासे नव्हेत, जिवंत प्रवाळ, पाण्यात झुलणारं, उजेडात उमलणारं. मळ्यात बंगल्याचं बांधकाम चालू होतं. हॉल आणि जेवणघर यांच्यामधल्या कच्च्या भिंतीवर ललितरावांनी तळहात ठेवला आणि असंच इथं पाहिजे म्हणाले.

झुंबर हो म्हणाला. घरी आल्यावर छायानं विचारलं, येतं का तुम्हाला? येत नव्हतं. येत नाही म्हणायची जीभ मात्र देवानं त्याला दिली नव्हती. ही टाकी जगली तर गंगापूर रोडचे बंगलेवाले दारात उभे राहणार होते आणि मेली तर तीस वर्षांचं नाव त्याच पाण्यात बुडणार होतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून झोप उडाली.

मग तो शिकायला मुंबईला गेला. समुद्री माशांच्या एका जाणत्या व्यापाऱ्यानं त्याला चार गोष्टी सांगितल्या. पाणी भरणं सोपं, ते रोज कालच्यासारखं ठेवणं अवघड. दिव्यांच्या उष्णतेनं पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज सकाळी उडालं तेवढं गोडं, गाळलेलं पाणी घालायचंच. आणि एक वैरी लक्षात ठेव, म्हणाला, तांबं. माशाला थोडं चालतं, प्रवाळाला त्याचा अंशसुद्धा चालत नाही.

तांबं, आणि तेही दिंडोरीत! अख्खा तालुका द्राक्षांवर मोरचूद मारतो. छाटणीनंतर पानं निळी, हात निळे, बांधावरचे दगडसुद्धा निळे. मोरचूद म्हणजे तांबंच की. झुंबरनं वैऱ्याला चारी बाजूंनी अडवायचं ठरवलं. नळ्या प्लास्टिकच्या, एकही पितळी तोटी नाही. टाकीच्या बाजूच्या खिडक्या रबर लावून बंद. फवारणीच्या गड्यांना त्या अंगाला फिरकायची बंदी. बंगल्याला लागून असलेल्या बागेत मोरचूद मारायचा नाही, हे ललितरावांकडून कबूल करून घेतलं. ते हसले, पण हो म्हणाले.

भिंत फोडून वर भक्कम तुळई घेतली, खाली टाकी पेलायला लोखंडी घोडा, मागं यंत्रांची खोली. पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र, पाणी गार ठेवणारं यंत्र, लाटा करणारे पंप, आणि लाइट गेली की आपोआप सुरू होणारा जनरेटर, कारण भारनियमन काही प्रवाळ ओळखत नाही. टाकी भरली त्या दिवशी झुंबर स्टुलावरून उठला नाही. सांधा कोरडा राहिला. पाणी स्थिरावल्यावर मुंबईहून मासे आणि प्रवाळ आणून सोडले. वास्तुशांतीला आलेले पाहुणे गुरुजींना सोडून भिंतीसमोर उभे.

आता रोजचं पाणी कोण घालणार? ललितराव बागेत, त्यांची बायको शाळेत शिकवायला. उरल्या ललितरावांच्या आई, वत्सलाबाई. जुन्या घरात पहाटेपासून राबलेली बाई नव्या बंगल्यात रिकामी बसून कंटाळली होती. स्वयंपाकाला बाई, झाडलोटीला बाई. झुंबरनं त्यांना प्लास्टिकचा कॅन दाखवला, काचेवरची खूण दाखवली आणि स्वच्छ पाणी इथवर घालायचं, एवढंच सांगितलं. बाईंना काम मिळालं. आंघोळ झाल्याशिवाय त्या टाकीला हात लावत नसत. माशांशी बोलत. कधी नव्हे ते आई जेवणाच्या टेबलावर हसतात, असं सूनबाईंनी झुंबरला सांगितलं होतं.

आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर प्रवाळ मिटायला लागलं.

आधी एक, मग शेजारचं. उमललेलं होतं ते आखडलं, रंग उडाले, गोगलगायी तळाला उलट्या पडल्या. झुंबर रोज मोटारसायकलवर दिंडोरीला. पाणी तपासायच्या संचात रंग चढला, तो तांब्याचाच. शंका नकोच, फवारणी! तो ललितरावांवर जवळजवळ ओरडला, की तुमच्या गड्यांनी शब्द मोडला. ललितरावांनी गड्यांना झापलं. त्यांतल्या एका गड्याचं नावही झुंबरच, त्यानं तर गळ्याची शपथ घेतली की मी त्या बागेत पाऊलही टाकलं नाही, आणि आपल्याच नावाच्या माणसाकडून चोर ठरल्यानं बिचारा जास्तच दुखावला. त्यात आभाळ भरून आलं. अशा हवेत द्राक्षावर डावणीची बुरशी पडते, आणि बंगल्यालगतची बाग झुंबरच्या हट्टापायी बिनफवारणीची उभी होती.

"उद्या सकाळपर्यंत कारण सांग," ललितराव शांतपणे म्हणाले. "नाहीतर बाग फवारतो आणि ही भिंत बुजवतो."

शांत माणसाची धमकी वाईट. झुंबर रात्रभर स्वतःच्याच कामात खोट शोधत राहिला आणि उजाडायच्या आत मळ्यात आला. कॅनमधलं पाणी तपासलं, ते निर्मळ. टाकीतलं तपासलं, कालच्यापेक्षा वाईट. म्हणजे कॅन आणि टाकी यांच्या मध्येच कुठंतरी विष मिसळत होतं.  तेवढ्यात जेवणघरातून पावलं वाजली.

वत्सलाबाई आल्या. ओले केस, डोक्यावर पदर, आणि कमरेवर चिंचेनं घासून लखलखीत केलेली तांब्याची घागर.

 झुंबरनं पुढं होऊन घागर धरली. पाणी त्यांच्या पायांवर सांडलं.

यातूनच घालता का, असं त्यानं विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "मग? त्या पिलास्टिकच्या डब्यातलं पाणी देवाला तरी चालतं का? रातभर तांब्यात ठेविते, मंग घालिते. मुके जीव हायेत ते."

दिंडोरी तालुक्याच्या सगळ्या बागा झुंबरनं अडवल्या होत्या, आणि वैरी रोज सकाळी आंघोळ करून, सोवळ्यानं, स्वयंपाकघरातून येत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती त्यानं गड्यांना दिली होती. पण आता बोलायचं काय? खरं सांगितलं तर त्याचं नाव वाचत होतं. आणि या बाईचं काय होणार होतं, ते तिच्या तोंडाकडं बघूनच कळत होतं.

ललितराव आत आले. मागं दारात तोच गडी, फवारणीचा हुकूम घ्यायला. सापडलं का, त्यांनी विचारलं.

"माझ्याकडूनच चुकलं," झुंबर म्हणाला. "तुमच्या माणसांचा दोष नाही. बाग फवारून घ्या."

ललितरावांचा आवाज पहिल्यांदाच चढला. काय चुकलं, कुठं चुकलं, एवढे दिवस माझ्या माणसांना चोर ठरवून आता हे सांगतोस? आजच्या आज काढ सगळं, म्हणाले. गवंडी बोलावतो. झुंबर मान खाली घालून उभा राहिला. घागर मात्र त्यानं टाकीपासून हातभर लांब धरली होती, निखारा धरावा तशी.

वत्सलाबाई त्या घागरीकडं बघत होत्या. मग टाकीकडं. मग पुन्हा घागरीकडं.

"ह्याच्यानं मेले का रं?" त्यांनी विचारलं.

झुंबरनं घागर आणखी मागं घेतली. 

"ललित, त्याला बोलू नको," बाई म्हणाल्या. "इख मी घातलं. माझ्या हातानं."

ललितराव आईकडं बघत राहिले. राग कुठं ठेवावा तेच त्यांना कळेना. झुंबर घाईघाईनं म्हणाला, मी भांडं कसलं ते सांगायला हवं होतं, मीच विसरलो. बाईंनी मान हलवली. सांगितलं असतंस तरी ऐकलं नसतं, म्हणाल्या, प्लास्टिकातलं पाणी मला पाणीच वाटत नाही. आणि घागर घेऊन आत गेल्या.

ललितरावांनी गड्याला फवारणीची खूण केली. मग विचारलं, उरलेले वाचतील का? सांगता येत नाही, झुंबर म्हणाला. मग बघ, एवढंच ते म्हणाले आणि बागेकडं गेले. झुंबरही मागोमाग जाऊन आधी त्या गड्याची माफी मागून आला.

पुष्कळसं पाणी बदलायचं होतं, तांबं शोषून घ्यायला पंपाला कोळशाच्या पिशव्या लावायच्या होत्या. पण झुंबर आधी स्वयंपाकघरात गेला. बाई घागर पालथी घालून तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. चला, पाणी घालायचंय, तो म्हणाला.

"माझ्या हाताचा आता भरवसा नाय."

"मलाही माझ्या हाताचा राहिला नाही, आई. दोघं मिळून घालू."

आल्या. प्लास्टिकचा मग दोन्ही हातांनी धरून प्रत्येक वेळी थांबायच्या आणि विचारायच्या, घालू? तो म्हणायचा, घाला.

निम्मं प्रवाळ गेलं, निम्मं जगलं. ती निम्मी टाकी बघूनसुद्धा पुढं लोक झुंबरकडं आले. पण रोज सकाळी द्वारकेच्या दुकानात फोन वाजायचा आणि झुंबर हातातली काच खाली ठेवायचा. पलीकडून वत्सलाबाई विचारायच्या, पाणी घालू का? घाला आई, तो म्हणायचा. वर्ष गेलं, दुसरं गेलं. एकदा तो प्रेमानंच म्हणाला की आता विचारायची गरज नाही, तुमच्या हातावर माझा विश्वास आहे.

त्या दिवशी टाकीत पाणी पडलं नाही. संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला, की आई सकाळपासून प्लास्टिकचा मग हातात घेऊन बसल्या आहेत, तुम्ही घाला म्हणाला नाहीत म्हणतात.