झाळकाकांचा अंगठा

कारखान्यात सगळे त्यांना झाळकाका म्हणत. अठ्ठावीस वर्षं गॅसच्या ज्योतीवर ॲल्युमिनियमच्या नळ्या झाळून जोडलेला माणूस. हा धातू मोठा लबाड. लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही, बघता बघता त्याचा लोळागोळा होतो. पहिल्या वर्षी काकांनी नळ्या जोडल्या कमी आणि वितळवल्या जास्त. "नुकसान करायला मला शिकावं लागलं नाही," असं ते स्वतःच सांगत.

मग लेझरचं यंत्र आलं. काचेच्या पेटीत यांत्रिक हात फिरायचा, किरणाने तार वितळायची आणि जोड बसायचा. काकांकडे उरलं ते नळ्या साच्यात बसवण्याचं काम. यंत्र सांभाळणारी इंजिनिअर त्यांच्या मुलीच्या वयाची.

पहिल्याच आठवड्यात जोड गळू लागले. हवा भरून नळी पाण्यात बुडवली की बुडबुडे. काका मनातून सुखावले. "यंत्राला माया नसते गं," ते तिला समजावत. घरी बायकोलाही म्हणाले, "बघ, शेवटी माझेच पाय धरतील."

"धरतील तेव्हा धरतील. आधी ते धुऊन या," बायको म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात इंजिनिअरने गळके जोड कापून भिंगाखाली पाहिले. बारीक छिद्रं, सगळ्यांत एकाच बाजूला. तिने काकांना बोलावलं.

"काका, नळी कशी बसवता, दाखवा जरा."

काकांनी स्वच्छ केलेली नळी उचलली, जोडाच्या जागी उघडा अंगठा मायेने फिरवला आणि साच्यात ठेवली. हातमोजे खिशात होते, घडीही न मोडलेले.

"मोजे का नाही घातले?"

"मोज्यात हाताला काही कळत नाही."

"अंगठ्याचा घाम आणि तेल जोडात जातं, काका. ज्योतीवर तुम्ही फ्लक्स लावायचात, ते मळ खाऊन टाकायचं. इथे फ्लक्स नाही."

काका भिंगातून बराच वेळ बघत राहिले. तीन आठवडे यंत्राला शिव्या घालत होते, आणि गुन्हेगार त्यांच्याच हाताला चिकटलेला.

"म्हणजे माझी मायाच नडली," ते अखेर म्हणाले. ती हसू दाबत होती. काकाच हसले, तेव्हा तिलाही हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मोजे घालून चाळीस नळ्या बसवल्या. एकही गळली नाही. काकांना बरं वाटलं, जरासं वाईटही.

आता नव्या माणसांना नळ्या बसवायला काकाच शिकवतात आणि सुरुवात या फजितीपासून करतात. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावील. ते काम काकांना स्वतःच्या हाताने केलेलं आवडतं.