सुट्टीवाले भाऊ

भाऊंनी आयुष्यात कामाच्या दिवशी एक वीटही लावली नाही. नगरपालिकेच्या दाराला कुलूप लागलं की त्यांच्या दारात रेती पडायची. गणपतीच्या सुट्ट्यांत जिना, होळीला वरची खोली आणि सलग चार दिवसांच्या दिवाळीत घरामागे न्हाणीसकट एक मोठी खोली, थेट पत्र्यापर्यंत. "सायेब फराळाले बसले का आपन पायव्याले बसायचं," असं ते अभिमानाने सांगत. कारंज्यातल्या त्या गल्लीत त्यांना 'सुट्टीवाले भाऊ' म्हणत, आणि त्यांना तो मान वाटे.

हा माणूस तीस वर्षं जिनिंगच्या वजनकाट्यावर होता. किलोभराचा फरक आला तरी कापसाची गाडी अडवून धरायचा. स्वतःची भिंत कुठे संपते हे मात्र त्याला कधी कळलं नाही.

भाऊंनी घर विकायला काढलं, तेव्हा ते बघायला मी आईला आणि टेप घेऊन गेलो. मंजूर नकाशात दोन खोल्या, जागेवर चार. मागे दहा फूट मोकळी जागा सोडायची होती. मी मोजली तेव्हा सव्वा फूट उरली होती. तिथेही भाऊंनी भिंतीला टेकवून शेंदूर फासलेला दगड बसवला होता. देवभक्ती म्हणून नव्हे. "तोडाले कोनाचा हात उठत नाही," हे त्यांचंच स्पष्टीकरण.

"काहून मोजून राह्यले, सर? खोली काय पळून राह्यली?"

"ही खोली नकाशात नाही, भाऊ."

"मंग नकाशा चुकला. खोली तर उभी हाये, हात लावून पाहा."

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण आईचे गुडघे गेलेले. या खोलीत खाटेपासून न्हाणीपर्यंत सात फूट होते. आई तिथे टेकली आणि म्हणाली, "बाबू, हेच घर घे."

घेतलं. खरेदीखतात मात्र मी हट्टाने मंजूर दोनच खोल्या लिहायला लावल्या. जे कायद्याने नाही, ते माझ्या सहीखाली नको होतं. भाऊ हसले. "लिहा, तुमच्या मनासारखं लिहा. फक्त कुठी अर्जगिर्ज करू नका. मोजाले बोलावलं का ते मोजतेच."

मी अर्ज केला. वाढीव बांधकाम नियमित करून मिळावं, सोबत मोजमापं, इंचांसह. बारा वर्षं जी खोली कोणी पाहिली नव्हती, ती पाहायला चौथ्या दिवशी माणूस आला. जिना आणि वरची खोली दंड भरून नियमात बसली. मागची बसली नाही. पाडण्याचा हुकूम आला.

पाडायच्या दिवशी भाऊ हजर. मला वाटलं, लाजेकाजेस्तव चार शब्द बोलतील. त्यांनी हातगाडी आणली होती.

"पत्रे आन खिडकी नेतो, सर."

"कशी नेता? घर मी घेतलं आहे."

"दोन खोल्या घेतल्या तुमी. खरेदीखत वाचा. हे खिडकी त्यातली नोहे."

इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिला नाही. कायदा बहुधा माझ्या बाजूने होता, पण दोन खोल्यांचा आग्रह माझाच होता. सागवानी खिडकी त्यांना एकट्याने उचलेना, म्हणून दुसरं टोक मी धरलं. त्यांनी दोरी आवळली, "माय, जपून चालजा," असं आईला सांगितलं आणि निघाले. मालेगावला मुलाचा प्लॉट होता, तिकडे राहायला गेले. पुन्हा भेट नाही.

आईची खाट आता पुढच्या खोलीत आहे. अंगणातली जुनी न्हाणी तिथून एकतीस फूट. ती भिंतीला धरून जाते, दोनदा थांबते. तेवढ्या वेळात मी भाऊंचा उद्धार करतो. आई आजवर ऐकून घ्यायची. परवा मात्र मधेच थांबून म्हणाली, "त्या मानसानं खोली देली होती, बाबू. तू अर्ज काहून केला?"

उत्तर मला येतं, कलमासकट. मी पुढे होऊन तिला हात दिला.