आधी आपलं रक्त

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून दिराचा फोन आला, तेव्हा मी तुमसरला आमच्या लॅबमध्ये होते. "वहिनी, दादा गेला," एवढंच तो म्हणाला. समोर चिखल्याच्या खाणीतला एक माणूस शुगरच्या रिपोर्टसाठी उभा होता. मी तो रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला, सही केली, त्याच्या हातात दिला आणि मग शटर ओढलं. नंतर कुणीतरी म्हणालं, बाई कठोर आहे. असेन. पण न वाचलेला रिपोर्ट बाहेर गेलेला सुधाकरला कधीच चालला नाही, आणि त्या दिवशी तर मला त्याचाच धाक जास्त होता...

सुधाकर माझा नवरा. नागपूरला लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा आम्ही एकत्र केला. लग्नाचं विचारताना त्यानं घर सांगितलं नाही की शेत सांगितलं नाही. "मी सिकलसेलचा वाहक आहो. तू तपासून घे, मंगच हो म्हण," एवढंच बोलला. आमच्या भागात हे दुखणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर लेकराला आजार होऊ शकतो. मग हाडं ठणकतात, रक्त उतरतं, शाळेऐवजी दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात. त्याची धाकटी बहीण त्यातच गेली होती. मी तपासून घेतलं, साफ निघाले, आणि आमचं जमलं. मी त्याला चारचौघांत नावानं हाक मारायचे, याची गल्लीला लग्नापेक्षा जास्त काळजी वाटली.

लॅब उघडली की पहिलं रक्त आमचं. तपासणीच्या औषधाच्या दोन नळ्या घ्यायच्या, एकीत त्याचा थेंब, दुसरीत माझा. मागे काळ्या रेघांचा कागद. वाहकाच्या रक्तानं नळी गढूळ होते आणि रेघा दिसेनाशा होतात. साफ रक्ताच्या नळीतून त्या स्वच्छ दिसतात. त्याची नळी गढूळ आणि माझी साफ आली, तरच औषध खरं बोलतंय असं धरायचं आणि सिकलिंगचे, म्हणजे सिकलसेल तपासायला आलेले, पेशंट घ्यायचे. मोठ्या लॅबमध्ये याला क्वालिटी कंट्रोल म्हणतात. मी त्याला चिडवायचे, "बघ, रोज सकाळी सिद्ध होतं, गढूळ कोण आणि साफ कोण." तो हसायचा आणि बोटाला कापूस दाबून धरायचा.

एकदा नाकाडोंगरीहून दोन घरची माणसं एकाच गाडीतून आली. पोराचं आणि पोरीचं जमलेलं, साखरपुडा तोंडावर. गर्दी होती म्हणून आमच्या दोन नळ्यांसोबतच त्यांच्याही दोन लावल्या. औषधाची बाटली नवीन, त्याच सकाळी फोडलेली. पोराची नळी साफ आली, पोरीचीही साफ आली. पोरीच्या मामानं लगेच मोबाइल काढला, घरी कळवायला. तेवढ्यात सुधाकर म्हणाला, "थांबा जी, भाऊ. माझीच नळी साफ आली आहे."

"मंग चांगलंच आहे ना."

"चांगलं नाही. मी वाहक आहो. माझं दिसून नाही राहिलं, तर आज या औषधाले कोणाचंच दिसणार नाही."

मामा भडकला. "आम्ही आमचा रिपोर्ट मागून राहिलो, तुमचा नाही. काहून अडवून राहिले?" सुधाकर जागचा हलला नाही. मी कंपनीच्या माणसाला फोन लावला, तो गोड आवाजात विचारतो, "मॅडम, सील होतं ना?" त्याला मी जे बोलले ते इथं छापता येणार नाही. सुधाकर एसटीनं भंडाऱ्याला गेला, दुसऱ्या खेपेची बाटली घेऊन आला, पहिल्यांदा स्वतःची नळी लावली. गढूळ. मग त्या दोघांच्या लावल्या. दोन्ही गढूळ... पुढच्या पक्क्या तपासणीतही तेच आलं. सुधाकरनं दोघांना समोर बसवून काय होऊ शकतं ते सगळं सांगितलं, स्वतःच्या बहिणीचंही सांगितलं. सोयरीक मोडली. मामा आम्हाला नावं ठेवत गेला, आणि पुढे स्वतःच्या पोराचं लग्न निघालं तेव्हा त्याला घेऊन आमच्याकडेच आला.

मग सुधाकरच्या किडन्यांनी दगा दिला. डायलिसिस सुरू झालं, रक्त चढवावं लागलं. दवाखान्यातून घरी आला तसा लॅबमध्ये आला. मी सवयीनं त्याचं बोट धरलं, तर त्यानं हात मागे घेतला. "आता यात दुसऱ्याचं रक्त आहे. नळी साफ येईल आणि तुले वाटेल औषध बिघडलं. माझ्यावर भरवसा नको ठेवू." इतक्या वर्षांत तेवढं एकदाच मला लॅबमध्ये रडू आलं. त्याच्या थेंबाऐवजी लावायला वाहकाच्या रक्ताचा विकतचा नमुना मागवून पाहिला, पण तो उन्हातून येईपर्यंत त्याचं काय होई, कोण जाणे. सिकलिंगची तपासणी बंद करावी लागली. दवाखान्यातल्या खाटेवरून तो रोज विचारायचा, "सुरू झाली काय?" मी नाही म्हणायचे. तो भिंतीकडे तोंड करायचा.

सुधाकर गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते. दीर म्हणाला, "वहिनी, कायले जीव काढून राहिल्या? रक्त बाहेर पाठवा, रिपोर्ट येत राहील." वाईट सांगत नव्हता बिचारा. पण बाहेर पाठवायचं म्हटलं की नाकाडोंगरीच्या माणसाला दुसऱ्यांदा एसटीचं भाडं, आणि दुसऱ्यांदा तो येत नाही, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, तपासणी इथंच होईल, कशी ते मी बघते. कशी, ते मला तरी कुठं ठाऊक होतं!

आमची प्रज्ञा इथंच शाळेत शिकवते. वाहक आहे, बापासारखीच. सुईला लहानपणापासून अशी भिते की लॅबची पायरी चढायची नाही, डबाही दारातूनच द्यायची. सोमवारी मी शटर उघडलं तर ती शाळेची पर्स खांद्याला लावून बाहेर उभी.

"आई, बाबा कोणतं बोट देत होते?"

"डाव्या हाताचं. करंगळीच्या बाजूचं."

तिनं डोळे गच्च मिटले आणि हात पुढे केला. मी टोचलं. तिचा थेंब एका नळीत, माझा दुसरीत. आम्ही दोघी नळ्यांसमोर उभ्या राहिलो. माझ्या नळीतून रेघा दिसत होत्या. तिच्या नळीतल्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. प्रज्ञा कापूस दाबून शाळेला निघाली आणि मी बाहेर पाहून म्हटलं, "सिकलिंगवाले कोण आहेत? या आत."