उंबऱ्याचं बाकडं

निवृत्तीनंतर माणसानं एखादा छंद लावून घ्यावा, असं जो कोणी म्हणतो त्याला एकदा जुन्या सागवानातले खिळे उपटायला बसवलं पाहिजे. अर्धापूरचं आमचं घर पाडून धाकट्या भावानं स्लॅबचं बांधायला घेतलं, तेव्हा दाराची चौकट मी टेम्पोत घालून लातूरला आणली. राहिलेल्या खिळ्यांनी रंध्याचं पातं खाल्लं आणि उरलेल्या कामानं माझी कंबर.

पण बाकडं करायचंच होतं. बायको मागच्या अंगणात पाय घसरून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला, डॉक्टर म्हणाले, चालवा यांना. ही मात्र खाट ते न्हाणीघर, एवढंच. मागचा मोगरा, कढीपत्ता, गवती चहा सगळं तिनं लावलेलं, पण खिडकीतूनसुद्धा तिकडं बघेना. पाणी मी घालायचो आणि निम्मं जळून गेलं. ही आता खाट सोडणारच नाही, अशी भीती माझ्या मनात घर करून बसली होती. झाडांत बसायला जरा उंच बाकडं असलं तर येईल, असं वाटलं.

चौकटीतलं सगळ्यात जाड लाकूड खालचं. तेच बसायला घेतलं, बाजूच्या लाकडांचे पाय केले, तेल पाजलं. मग एका संध्याकाळी तिला कसंबसं मागच्या दारापर्यंत आणलं.

मधे झिजून खोलगट झालेली जागा तिनं लगेच ओळखली.

"अहो, हा आपला अर्धापूरचा उंबरा न्हाई का?"

"हाव. एक नंबर सागवान हाय."

"ह्याच्यावरचं माप लवंडून मी घरात आले. आन आता त्याच्यावर बसू? उंबऱ्यावर कुणी बसतंय का?"

उंबऱ्यावर बसलो म्हणून लहानपणी पाठीत धपाटे खाल्लेला माणूस मी, आणि लाकूड हाती आल्यावर नुसती जाडी बघितली. ती वॉकर वळवून आत गेली. मला अगदी रडू आलं. भुसाही न झाडता तसाच जाऊन पडलो.

सकाळी उठलो तर तिची खाट रिकामी. मागं जाऊन बघतो तर ती बाकड्यासमोर उभी, एक हात वॉकरवर, दुसऱ्या हातानं उंबऱ्याला हळदकुंकू लावत होती. पाय लटपटत होते. मी धावत जाऊन स्वयंपाकघरातली प्लास्टिकची खुर्ची आणली आणि तिला बसवलं.

"मोगरा पार वाळवून टाकला की हो," ती चौफेर बघत म्हणाली. मग बोट पदराला पुसलं. "आता रोज यावं लागंल मला. उंबरा काय बिनपूजेचा ठेवायचा?"

मी तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.